रूपीच्या भीतीचा आकडा

मी एकतीस वर्षं सरकारी नर्स होते. त्यातली शेवटची नऊ वर्षं डहाणूच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्याच्या उपकेंद्रात गेली. पाड्याचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या शाळेचे मास्तर अजून तिथेच आहेत. मला भांडायचं वावडं नाही, पण घरचे म्हणतात, आता पुरे. रोज सकाळी मसोलीहून निघायचं, आशागडला दुसरी टमटम पकडायची आणि दहाच्या आत पाड्यावर पोचायचं. या नोकरीत मी ताप पाहिले, जुलाब पाहिले, साप चावलेले पाहिले, टमटममध्ये झालेली बाळंतपणं पाहिली. पण समोर बसून गप्पा मारून भीती घालवणारा माणूस पगारावर ठेवतात, हे मला २०१९ साली कळलं. त्याचं नाव सुदाम. गोष्ट मात्र रूपीची आहे. सुदाम मध्ये येतो, कारण मध्ये येणं हाच त्याचा धंदा.

रूपी शाळेत खिचडी शिजवायची. पस्तिशीची असेल, तिलाही नक्की माहीत नव्हतं. माहेर तलासरीकडचं. लहानपण सगळं वीटभट्टीवर गेलं. दिवाळी झाली की आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसून भट्टीवर, पाऊस आला की परत. सातव्या वर्षी डोक्यावर दोन विटा, दहाव्या वर्षी सहा. शाळा तिने बाहेरूनच पाहिली. लग्न झालं, तर नवरा हाल्या गुजरातेत मच्छीमार बोटीवर खलाशी. गणपतीनंतर गेला की मे महिन्यात उगवायचा. मग ही सासूबरोबर पुन्हा भट्टीवर. पोरगी झाली, गंगी, तिलाही पाठीला बांधून नेलं.

२०१४ साली शाळेतल्या जुन्या खिचडीवाल्या म्हातारीने काम सोडलं, तेव्हा रूपी माझ्याकडे आली. अर्ज मी लिहिला, खाली सही तिने केली. सहीपुरती अक्षरं तिला येत होती. म्हणाली, "बाई, हे काम मिळालं ना, तर मी भट्टीवर जाणार नाय. गंगी पण जाणार नाय." मानधन म्हणाल तर देणाऱ्याला लाज वाटावी इतकं. पण शाळा आहे तोवर काम, दोघींचं दुपारचं जेवण, आणि पोरीला हाताला धरून शाळेत आणायचं निमित्त. भट्टी सुटली ती सुटलीच.

काम कसं करायची ते मी खिडकीतून रोज बघायचे, उपकेंद्र शाळेला लागूनच. घराजवळच्या शेवग्याचा पाला खुडून आणायची आणि खिचडीत टाकायची, कुणी सांगितलेलं नसताना. सकाळी कोण उपाशी आलंय ते तिला मास्तरांच्या आधी कळायचं. आणि तोंड? बापरे. तांदळाचं पोतं उशिरा आलं की मास्तरांना अख्ख्या शाळेसमोर विचारायची, "गुरुजी, आज पोरांना पाढेच वाढू का?" माझी आणि तिची गट्टी जमली ती यावरूनच. शाळा समितीच्या अध्यक्षाला मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. त्याची भावजय काळी या जागेवर टपून बसलेली. रूपी एक दिवस आजारी पडली, तरी काळी पदर खोचून दारात हजर.

नोव्हेंबर २०१८ पासून आमच्याकडची जमीन हलायला लागली. आधी वाटलं, कुठे खाणीत सुरुंग लावताहेत. मग कळलं की हे खालूनच येतंय. आधी गडगड आवाज, मागून धक्का. दिवसातून दोनदा, कधी पाचदा. लोकांनी घरातल्या खाटा अंगणात काढल्या आणि थंडीत उघड्यावर झोपायला लागले. सरकारने थोडे तंबू दिले, कुणी ताडपत्र्या वाटल्या. वाटल्या म्हणजे काय, यादीत नाव असेल त्याला.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला दुपारी मोठा धक्का बसला. मुलं जेवून मैदानात होती. रूपी स्वयंपाकघरात मोठं पातेलं घासत होती. स्वयंपाकघर म्हणजे दहा बाय आठची खोली, वर स्लॅब, गज लावलेली एक खिडकी आणि एक लोखंडी दार. धक्क्याने चौकट तिरकी झाली आणि दार अडकलं. वरून प्लास्टरचे पोपडे पडायला लागले. बाहेर मुलं रडत होती आणि मास्तर त्यांना रांगेत उभं करून मोजत होते. एकदा मोजली, पुन्हा मोजली, एकशे चार भरली. रूपीला मोजायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती आतून तळहातांनी दार बडवत होती. रडारडीत ते ऐकू आलं फक्त गंगीला. पहार शोधून आणेपर्यंत आणि दार फोडेपर्यंत अर्धा तास गेला, आणि तेवढ्यात आणखी दोन धक्के बसले.

मी त्या दिवशी लसीकरणाला शेजारच्या पाड्यावर गेले होते. पोचले तेव्हा ती आंब्याखाली बसली होती. केसांत चुना, हात मांडीवर. एवढी तोंडाळ बाई, पण तोंडातून शब्द नाही. अंगावर ओरखडा नव्हता, म्हणून मी तिला पाणी पाजलं आणि ज्यांना लागलं होतं त्यांच्याकडे वळले.

त्या दिवसापासून रूपी स्लॅबखाली गेली नाही. स्वतःच्या घरात जायची, ते कुडाचं. आंब्याखाली तीन दगड मांडून तिथेच खिचडी शिजवायची. मुलं बाहेरच बसत होती, त्यामुळे ते कुणाला खटकलं नाही. मग दार नवीन बसलं, भेगांत सिमेंट भरलं, कुणीतरी येऊन खोली ठीक आहे असं सांगून गेलं. चुलीवर चढवायची चार भांडी आत होती, तेवढ्यासाठीही ती उंबऱ्यापाशी थांबायची आणि गंगीला म्हणायची, जा, आण. पोरगी आत गेली की हिचा श्वास अडकायचा. मी बघत होते.

आता सुदाम. आशागडचा. २०१४ मध्ये तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. पुढच्या वर्षी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत चुंबकाची कडी विकायला बसला, टेन्शन जातं म्हणून. मीही एक घेतलं होतं, खोटं कशाला बोलू. टेन्शन तिथेच राहिलं आणि मनगट हिरवं पडलं. मग विमा. मग कुठल्याशा पंधरा दिवसांच्या शिबिरातून प्रमाणपत्र घेऊन आला आणि समुपदेशक झाला. अक्कल बेताची, पण आवाज तुपात घोळवलेला. मुंबईच्या एका संस्थेला भूकंपग्रस्तांच्या मनासाठी काहीतरी करायचं होतं, त्यांनी त्याला निळं जाकीट घातलं, हातात एक छोटा स्पीकर दिला आणि 'मनमित्र' असं नाव ठेवून आमच्या पाड्यावर सोडला. ज्याचा कुणी मित्र नाही त्याला असं पद देतात बहुतेक.

पद्धत अशी की प्रत्येक माणसाशी अर्धा तास एकट्याने बोलायचं. त्याच्या मनात काय आहे ते काढून घ्यायचं. मग त्याला, त्याच्या एकट्यासाठी, मन शांत करायचा उपाय निवडून द्यायचा आणि सगळं कार्डावर लिहायचं. ऐकायला छान वाटतं. मी काही अडाणी नाही. बोललं की माणूस हलका होतो हे मला कुणी शिकवायला नको. कळा येणाऱ्या बाईला श्वास कसा सोडायचा हे मी शेकडो जणींना सांगितलंय. पण त्यासाठी तिचा हात धरून बसावं लागतं, आणि तिला वाटेल तेव्हा तिने बोलायचं असतं. सुदामला दिवसाला बारा कार्डं भरायची होती. बारा गुणिले अर्धा तास किती होतात ते तुम्हीच बघा, आणि दोनच्या टमटमने तो परत आशागडला असायचा.

पहिला प्रश्न, तुमची शांत जागा कोणती? शुक्रा आमच्याकडे ताडी काढायचा. तो म्हणाला, "ताडाच्या शेंड्यावर." सुदामने लिहिलं, 'निसर्ग'. मग त्याला सांगितलं, मूठ घट्ट आवळा, दहा आकडे मोजा, सोडा, ताण निघून जाईल. शुक्रा म्हणाला, "मी झाडावर मूठ सोडली तर मीच निघून जाईन." सुदाम हसला नाही. त्याला पुढच्या कार्डाची घाई होती.

उपाय शेवटी सगळ्यांना एकच. संस्थेच्या दक्षा मॅडमच्या आवाजातलं रेकॉर्डिंग. मागे समुद्राच्या लाटा, आणि मॅडम गोड आवाजात सांगताहेत, आडवे व्हा, डोळे मिटा, अंग सैल सोडा. तुमच्या खालची जमीन स्थिर आहे. तिने तुम्हाला घट्ट धरून ठेवलंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, थट्टा करताहेत. ज्या गावात जमिनीनेच घात केला, तिथे जमिनीचं कौतुक. मी सुदामला विचारलं, "हे बदलता येत नाही का?" तो म्हणाला, "सिस्टर, रेकॉर्डिंग तज्ज्ञांनी केलंय."

लोक मात्र आडवे व्हायचे, आणि तेही खुशीने. का, तर कान जमिनीला लावला की गडगड आधी कळते. वीस-वीस माणसं सतरंजीवर डोळे मिटून पडलेली असायची आणि प्रत्येक जण खालचा आवाज ऐकत असायचा. कुणी हलायचं नाही, कुणी खोकायचं नाही. सुदामला वाटायचं, ध्यान लागलंय. त्याचे फोटो काढून मुंबईला पाठवायचा. उंटावरचा शहाणा.

दुसरा प्रश्न भीतीचा. शून्य ते दहा, तुमची भीती किती? आता आमच्याकडे हातात कागद घेऊन आलेला माणूस 'किती' विचारतो, तेव्हा ती यादी असते हे शेंबडं पोरही जाणतं. किती माणसं, किती कोंबड्या, भिंतीला किती भेगा. ज्याचा आकडा मोठा त्याला ताडपत्री. पहिल्या दिवशी पहिल्या माणसाने दहा सांगितलं, संध्याकाळपर्यंत सगळा पाडा दहावर. दोन आठवड्यांनी सुदाम पुन्हा आला, आता किती? दहा. एका म्हातारीने तर अकरा सांगितलं, तिची ताडपत्री फाटली होती. मुंबईहून सुदामला विचारणा झाली, एवढं बोलूनही भीती कमी कशी होत नाही? बिचारा रडकुंडीला आला. मी त्याला म्हटलं, "अरे, ताडपत्री आणि भीती यांचा संबंध नाही असं एकदा नीट सांग ना लोकांना." म्हणाला, "सांगितलं, सिस्टर. पण मग कुणी बसायलाच येत नाही." मी त्याला विचारलं, तुझा स्वतःचा आकडा किती? तो म्हणाला, "मी फॅसिलिटेटर आहे." आशागडला हा स्वतःच्या घराबाहेर झोपत होता, ते मला त्याच्या शेजारणीने सांगितलं होतं.

रूपी अजून त्याच्यासमोर बसली नव्हती. मार्चच्या सुरुवातीला एके दिवशी पावणेपाचला ती उपकेंद्रात आली. मी लशींचा डबा बंद करत होते. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, उद्या सुदाम माझं कार्ड भरणार. त्याला सांगू का?"

"काय सांगू का?"

"दार लागलं ते. आतून मी ओरडत होती, ते कुणी ऐकत नव्हतं, ते." मग म्हणाली, "तो म्हणतो, जे असेल ते बोला, कुणाला सांगणार नाय. मला बोलायचं आहे, बाई. हे आतच बसलंय."

आता माझी अक्कल बघा. मी तिला म्हटलं, "खुळी का तू? सुदाम दुपारचा चहा मास्तरांकडे पितो. कार्डांचा गठ्ठा तिथेच टेबलावर असतो. खिचडीवाली स्वयंपाकघरात जायला घाबरते असं एकदा कागदावर आलं, की सोमवारी काळी आत आणि तू बाहेर. मग दिवाळीनंतर आहेच भट्टी."

तिचा चेहरा उतरला. "मग काय सांगू?"

"शून्य सांग. आणि जरा हस."

ती मान हलवून गेली. ज्या बाईला एक महिन्यानंतर बोलावंसं वाटलं होतं, तिला मी, एकतीस वर्षांची अनुभवी, तोंड बंद ठेवायचं शिकवून पाठवलं. बरं, त्याला नको सांगूस, मला सांग, बस, असं तरी म्हणावं की नाही? नाही म्हटलं. मला पाचची टमटम पकडायची होती.

दुसऱ्या दिवशी रूपीने शून्य सांगितलं. सुदामने दोनदा विचारलं, ती दोनदा शून्यच म्हणाली आणि हसली. मग त्याने समुद्राच्या लाटा लावल्या. नवरा बोटीवर, सहा महिने फक्त फोनवर, आणि हिला लाटांनी शांत करताहेत. त्यावरही ती म्हणाली, छान वाटलं. सुदाम असा खूश झाला की अर्ध्या तासात शाळेभर सांगून आला, पहिलं शून्य मिळालं. 'कुणाला सांगणार नाही' ते असं.

मास्तरांनी ऐकलं आणि म्हणाले, "वा रूपीबाई, भीती गेली ना? मग आता आंब्याखालचा पसारा आवरा. धूर वर्गात येतो. उद्यापासून आत शिजवा." झालं. हात दाखवून अवलक्षण. माझ्या शहाणपणाने तिला थेट त्या खोलीत नेऊन घातली.

ती आत शिजवायला लागली. कसं शिजवायची ते सांगते. सकाळी आधी दाराला मोठा दगड लावायची, मग अजून एक. मग बाहेर उभी राहून छाती भरून श्वास घ्यायची, पळत आत जायची, तांदूळ टाकायची आणि पळत बाहेर. पुन्हा श्वास, पुन्हा आत, डाळ. एकदा ढवळायचं आणि बाहेर. खिचडी खालून लागायला लागली, तर मुलं म्हणायची, करपली. पूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर रूपीने त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आता गप्प राहून वाढायची. दीड महिन्यात तिचे गाल बसले, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागला. मी तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. मला दुसरं काय येत होतं?

सुदामच्या संस्थेला एवढ्या पाड्यांमधून एकच शून्य मिळालेलं, त्यामुळे एप्रिलमध्ये दक्षा मॅडमनी स्वतः ते शून्य बघायला यायचं ठरवलं. बरोबर पैसे देणाऱ्या मंडळींपैकी चौघं. सुदामने आठ दिवस आधीपासून तयारी केली. नुसतं बोलणं नको, त्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं. जिथे ती अडकली होती त्याच खोलीत, जमिनीवर आडवी होऊन, डोळे मिटून, रेकॉर्डिंग संपेपर्यंत. दार अडकलं होतं ही गोष्ट त्याला मास्तरांनी सांगितली होती, आणि ती कळल्यावर त्याला हा कार्यक्रम सुचला होता. मी त्याला दारातच धरला आणि म्हटलं, तिला आत झोपवू नकोस, आंब्याखाली काय ते कर. तो म्हणाला, "सिस्टर, तीच तर सक्सेस स्टोरी आहे. आणि तिची काही हरकत नाही, मी विचारलंय." अध्यक्ष आणि मास्तर समोर उभे असताना विचारलं होतं. काळी चहाचा ट्रे घेऊन तिथेच.

पाहुणे अकराला आले. शाळेला सुट्टी लागली नव्हती, मुलं मैदानात बसवलेली. रूपी लग्नातली साडी नेसली होती. माझ्याकडे तिने एकदा पाहिलं. मला वाटलं, आता बोलावं, सगळ्यांसमोर सांगून टाकावं. पण सांगितलं तर तिचं काम जाणार, आणि ते माझ्या तोंडून जाणार. आयुष्यभर जिथे नको तिथे बोलले, आणि नेमकी इथे गप्प राहिले.

ती आत जाऊन सतरंजीवर आडवी झाली. पाहुणे भिंतीला टेकून उभे, सुदाम स्पीकरजवळ. मी दाराशी होते. समुद्राच्या लाटा सुरू झाल्या. तुमच्या खालची जमीन स्थिर आहे, असं मॅडमचा आवाज म्हणाला, आणि मॅडम स्वतः बाजूला उभ्या राहून मान डोलवत होत्या.

चार मिनिटं झाली असतील. गडगड आली आणि पाठोपाठ धक्का बसला. फार मोठा नव्हता, पण कपाटावरची ताटं खणाणली आणि कोपऱ्यात चुना सांडला. सगळ्यात आधी सुदाम पळाला. मला कोपर मारून, निळं जाकीट दाराच्या कडीत अडकून फाटलं तरी थांबला नाही. त्याच्यामागे पाहुणे, मग मॅडम, एक चप्पल आत ठेवून. माझेही पाय मला अंगणात घेऊन गेले, ते का लपवू? खोलीत उरली रूपी आणि तो स्पीकर. तो बोलतच होता.

बाहेर श्वास जागेवर आल्यावर मॅडमनी गजांतून आत पाहिलं. रूपी जशीच्या तशी पडलेली. हात अंगाजवळ सरळ, डोळे मिटलेले. पापणीही हलत नव्हती. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बघा. आपण सगळे पळालो, आणि ही किती शांत आहे." एका पाहुण्याने खिडकीतून फोटो काढला. दुसऱ्याने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मास्तरांनीही वाजवली. सुदाम फाटलं जाकीट मागे लपवून सांगत होता की सातत्याने सराव केला की असं होतं.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. पण हे तर म्हणत होते, वा, काय छान झोपलीय शेळी.

पाहुणे चहाला गेल्यावर मी आत गेले. आधी तो स्पीकर बंद केला. तिच्याजवळ बसले आणि हात उचलायला गेले, तर हात लाकडासारखा. जबडा आवळलेला, नखं तळव्यांत रुतलेली, तिथून थोडं रक्त आलेलं. साडी कंबरेखाली ओली, सतरंजीही ओली. कळा देणारी बाई अशी आखडते, तेव्हा काय करायचं ते मला माहीत होतं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "रूपी, श्वास सोड. तोंडाने सोड. मी आहे. दार उघडं आहे." बऱ्याच वेळाने तिने श्वास सोडला. मग दुसरा. मग तिने डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं.

"गेले का सगळे?"

"गेले. चहा पिताहेत."

मला वाटलं, आता रडेल, आता ते दाराचं सगळं बाहेर येईल, आणि या वेळी मी ऐकणार होते. पाचची टमटम गेली खड्ड्यात. ती उठून बसली, ओली साडी पायांखाली ओढून घेतली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, खरं सांगा. मी हालली नाय ना?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही हाललीस."

"काळीने पाहिलं?"

"सगळ्यांनी पाहिलं."

तेव्हा कुठे तिची बोटं सैल झाली, खांदे खाली आले आणि चेहरा निवळला. त्या सबंध कार्यक्रमात मी तिला तेवढी एकदाच निवांत झालेली पाहिली. मग ती म्हणाली, मुलं भुकेली असतील, मला दुसरं लुगडं आणून द्या.